वाचायला ई-बुक, ठेवायला छापील, द्यायला काय?

जानेवारी 2025 मध्ये रिबेका यारोस या अमेरिकी लेखिकेची ‘ऑनिक्स स्टॉर्म’ ही कादंबरी बाजारात आली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या 27 लाख प्रती खपल्या. मोठ्यांसाठीच्या कादंबऱ्यांत गेल्या वीस वर्षांत इतक्या झपाट्याने दुसरे पुस्तक गेले नव्हते. ड्रॅगनांच्या जगात घडणारी ही प्रेमकथा, तीही एका मालिकेतला तिसरा भाग. तिच्यासाठी अमेरिकेतली पुस्तकांची दुकाने मध्यरात्री उघडली गेली. रांगेतल्या बायका-मुलींना हवी होती ती कडांवर नक्षी असलेली, हातात धरली तर मनगट भरून यावे अशी जाडजूड पुठ्ठाबांधणीची प्रत. फोनवर तीच कादंबरी त्याच मध्यरात्री घरबसल्या मिळत होती.

गंमत अशी, की पंधरा वर्षांपूर्वी छापील पुस्तकाकडे सर्वांत आधी पाठ फिरवली तीही याच वाचकवर्गाने. नवे यंत्र आधी तंत्राची हौस असलेल्या पुरुषांच्या हाती जाते, असा एक समज असतो. ई-बुकांनी तो खोटा ठरवला. 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या ई-बुक बाजारात सर्वांत वेगाने वाढणारा विभाग म्हणून प्रेमकादंबरीचेच नाव घेतले जात होते. आता तीच प्रेमकादंबरी छापील पुस्तकांचा बाजार ओढते आहे. अमेरिकेत 2020 मध्ये तिच्या सुमारे 1 कोटी 80 लाख छापील प्रती विकल्या गेल्या होत्या. 2023 मध्ये हा आकडा 3 कोटी 90 लाखांच्या पुढे गेला.

याचा अर्थ लावणारे दोन तट आहेत. पहिल्याच्या मते ई-बुकाचे खूळ ओसरले आणि कागद जिंकला. दुसऱ्याच्या मते छापील प्रतींची ही लाट म्हणजे समाजमाध्यमांवरची मिरवामिरव, खरे वाचन फोनवरच चालू आहे. वाचणारी एकतर इकडची असते नाहीतर तिकडची, हे मात्र दोघांनी धरूनच चाललेले. प्रत्यक्षात प्रेमकादंबरीची वाचक कधीच एका बाजूची नव्हती. कादंबरी वाचणे, ती जवळ ठेवणे आणि वाचून झाल्यावर दुसरीला देणे, ही तिची तीन वेगवेगळी कामे. पहिले ई-बुकाने उचलले. दुसरे महागड्या छापील प्रतीने. तिसऱ्या कामाच्या जोरावर हा वाचकवर्ग शंभर वर्षे वाढला आणि ते कुणीच अंगावर घेतलेले नाही. ई-बुक की छापील, या भांडणात खरा तोटा या तिसऱ्या कामाचा झाला आहे आणि तो कमी पैशांत भरपूर वाचणाऱ्या बाईच्या पदरी पडला आहे.

हे पटायला प्रेमकादंबरीच्या धंद्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो, कारण तो पुस्तके विकत घेण्यापेक्षा भाड्याने नेण्याचा इतिहास अधिक आहे.

जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी 1908 मध्ये लंडनमध्ये ‘मिल्स अँड बून’ काढली तेव्हा ती सगळ्याच प्रकारची पुस्तके छापत असे. जॅक लंडनही तिच्या यादीत होता. 1930 च्या दशकात कंपनीने आपला सारा भर प्रेमकादंबऱ्यांवर आणला. तिची मुख्य गिऱ्हाइके होती भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ऱ्या. तंबाखूच्या किंवा कागद-पेन्सिलींच्या दुकानातल्या एका फळीवर या लायब्ऱ्या चालत आणि एका पुस्तकाचे भाडे दोन पेन्स असे. मिल्स अँड बूनची पुस्तके तपकिरी बांधणीत येत. लेखिकेचे नाव लक्षात नसले तरी बायका ‘ती तपकिरी’ मागून नेत. पुढे सरकारी ग्रंथालये वाढली आणि भाड्याचा धंदा बसला. बूट्स या औषधविक्रेत्यांची प्रसिद्ध लायब्ररीसुद्धा 1966 मध्ये बंद झाली.

तोवर कंपनीला दुसरा आधार मिळाला होता. कॅनडातल्या विनिपेग शहरात 1949 मध्ये निघालेली ‘हार्लेक्विन’ या कादंबऱ्यांच्या स्वस्त पेपरबॅक आवृत्त्या काढू लागली आणि 1971 मध्ये तिने मिल्स अँड बून विकतच घेतली. हार्लेक्विनची सूत्रे हाती घेणारे लॉरेन्स हायझी प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण-पावडरवाल्या कंपनीतून आलेले. त्यांनी कादंबऱ्या साबणासारख्याच विकल्या: किराण्याच्या दुकानात, सुपरमार्केटात, सारख्या आकाराच्या, सारख्या किमतीच्या, दर महिन्याला नव्या. बाई भाजीपाला घ्यायला गेली की येताना पिशवीत दोन कादंबऱ्या येत.

ही खिशात मावणारी पेपरबॅक टिकण्यासाठी जन्मलेली नव्हती. अमेरिकी प्रतींच्या आतल्या पानावर, कॉपीराइटच्या मजकुराशेजारी, एक सूचना असे. मुखपृष्ठ नसलेली प्रत विकत घेतली असेल तर ती चोरीची असू शकते, अशा अर्थाची. कारण न विकलेली पुस्तके परत पाठवण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीला झेपत नसे. दुकानदार मुखपृष्ठ फाडून तेवढेच प्रकाशकाकडे पाठवी, त्यावर पैसे परत मिळवी आणि उरलेले पुस्तक रद्दीत जाई. ब्रिटनमध्ये 2003 मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम 6 टोल हा महामार्ग बांधला, तेव्हा मिल्स अँड बूनच्या सुमारे 25 लाख जुन्या प्रतींचा लगदा त्याच्या वरच्या थरात घातला गेला. डांबर धरून राहायला आणि वाहनांचा आवाज शोषायला तो उपयोगी पडतो म्हणे. छापील पुस्तकाच्या चिरंतनतेवर गहिवरून बोलणाऱ्यांनी या रस्त्यावरून एकदा जाऊन यावे. प्रेमकादंबरीपुरते बोलायचे तर कागदही महिनाभराचाच पाहुणा होता. पुढच्या महिन्याचा गठ्ठा आला की आधीचा उचलला जाई.

त्यातून ज्या प्रती वाचत त्या हातोहात फिरत. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी 1984 मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावातल्या बायकांशी बोलून. गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ हे टोपणनाव दिले आणि पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या, कुठली कादंबरी चांगली आणि कुठली फसवी हे बायकांना सांगणाऱ्या विक्रेतीला ‘डॉट’. आठवड्याला पाच ते नऊ कादंबऱ्या वाचणाऱ्या बायका त्यांत होत्या. नवरा, मुले, स्वयंपाक यांच्या मागण्यांतून सुटून तासभर स्वतःसाठी काढणे, हे वाचनामागचे मोठे कारण त्यांनी सांगितले. इतके वाचायचे तर प्रत्येक पुस्तक नवे घेणे कुणालाच परवडत नाही. मैत्रिणींत देवाणघेवाण, जुन्या पुस्तकांच्या दुकानातली अदलाबदल आणि डॉटसारखीचा सल्ला यांवरच असे वाचन चालते.

मराठी वाचकाला यातले काहीही परके वाटू नये. चंद्रकांत काकोडकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्या घरोघर पोचल्या त्या लायब्ररीतून. महिन्याची वर्गणी, थोडे डिपॉझिट, दिवसाला एक पुस्तक. लायब्ररीची ती प्रत लांबूनही ओळखू यायची: मूळ मुखपृष्ठ जाऊन त्याजागी आलेला जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, दोऱ्याची शिवण इतकी आत गेलेली की ओळींची टोके वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवावे लागे. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के आणि त्यांच्या शेजारी आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने दिलेले निकाल: ‘छान’, ‘रडवले’, ‘शेवट वाचू नये’. काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. ती ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली होती आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. म्हणजे ज्या लेखकाचे नाव घेताना घरातली वडीलधारी माणसे नाक मुरडत, त्याची पुस्तके त्याच घरातल्या बायका वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचत होत्या.

ई-बुक आले ते या वाचकवर्गात, आणि या जुन्या गरजा घेऊन.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टीना एंगलर या लेखिकेने 2000 मध्ये ‘एलोराज केव्ह’ नावाची ई-प्रकाशनसंस्था काढली. तिच्या धीट शृंगारिक कादंबऱ्या प्रकाशकांनी नाकारल्या होत्या. मग तिने त्या संगणकावर वाचायच्या फाइली म्हणून विकायला सुरुवात केली आणि वाचक धावून आले. वाचनयंत्रांचा बाजार तेव्हा नावालाच होता; बायका टेबलावरच्या संगणकासमोर बसून कादंबऱ्या संपवत होत्या. हार्लेक्विननेही वारे ओळखले. सप्टेंबर 2007 मध्ये तिने आपले प्रत्येक नवे पुस्तक छापील प्रतीसोबतच ई-बुक म्हणून द्यायला सुरुवात केली. अ‍ॅमेझॉनचे किंडल आले ते त्यानंतर, नोव्हेंबरात. किंडलने प्रेमकादंबरीला ई-बुकाकडे नेले, असे सर्रास म्हटले जाते. तारखा पाहिल्या तर वाचक आधीच दारात उभ्या होत्या.

कारणे सरळ आहेत. दिवसाला एक कादंबरी संपवणारीला मध्यरात्री पुढची मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे. मालिकेतला पाचवा भाग हाती लागला आणि पहिले चार बाजारातून गेलेले, हे दुखणे ई-बुकाने संपवले. अक्षर मोठे करता येते, हे साठीच्या वाचकाला कळते. झोपलेल्या नवऱ्याशेजारी दिवा न लावता वाचता येते, मूल अंगावर पीत असताना एका हाताने पान उलटता येते. आणि उघड्या छातीचा नायक मुखपृष्ठावर घेऊन लोकलमध्ये बसावे लागत नाही. वर्तमानपत्राच्या कव्हरचे काम यंत्राच्या कोऱ्या पाठीने केले.

मात्र हा आडपडदा एकतर्फी आहे. 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘किंडल अनलिमिटेड’ ही वर्गणी सुरू केली: महिन्याला ठरावीक पैसे भरा आणि हवे तेवढे वाचा. म्हणजे दोन पेन्सवाली लायब्ररीच, फक्त तंबाखूच्या दुकानाऐवजी एका बलाढ्य कंपनीची. 2015 पासून यातल्या लेखकांना पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांवर. त्याचा एक परिणाम लगेच दिसला. काही चलाख लेखकांनी नव्या कादंबरीच्या मागे जुन्या तीन-चार जोडून पाने फुगवायला सुरुवात केली आणि कंपनीला नियम कडक करावे लागले. दुसऱ्या परिणामाची चर्चा कमी होते. पानांवर पैसे द्यायचे तर कुणी किती पाने वाचली हे मोजावे लागते. नवऱ्याला आणि शेजारणीला जे कळत नाही, ते कंपनीला पानागणिक कळते.

मराठीत हाच बदल किंडलपेक्षा फोनने घडवला. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर 2016 मध्ये आली, पण मोठा वाचकवर्ग जमला तो बंगळुरूमध्ये 2014 साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या अ‍ॅपवर. तिथे कादंबरी भागाभागाने येते, आणि प्रेम, लग्न, सासर, दुरावा, पुन्हा भेट या विषयांना तोटा नसतो. लेखिका बहुधा गृहिणी, शिक्षिका, नोकरी करणारी; वाचकही तशीच. दुपारचे आवरून झाले की एक भाग, रात्री निजताना एक, आणि खाली ‘पुढचा भाग लवकर टाका’ हा तगादा. ज्या घरात स्वतःचे कपाट नाही, तिथे बाईच्या मालकीची आणि कुणी सहसा न उघडणारी एकच जागा असते, ती फोन. लायब्ररीत जायला घरातून निघण्याचे कारण सांगावे लागे. इथे तेही नाही.

म्हणजे ई-बुकाने जागा घेतली ती लायब्ररीची. भरपूर, झटपट आणि थोड्या पैशांत वाचण्याचे काम त्याच्याकडे गेले. मग छापील प्रत परत का आली? ती परत आली हे म्हणणेच फारसे बरोबर नाही. आली ती वेगळी प्रत आहे, वेगळ्या कामासाठी.

याची पहिली ठळक खूण जपानात दिसली. तिथे तरुण मुली मोबाइलवर छोट्या छोट्या वाक्यांत प्रेमकथा लिहीत आणि हजारो मुली त्या फुकट वाचत. ‘कोइझोरा’ ही त्यांतली गाजलेली. 2007 मध्ये जपानात सर्वाधिक खपलेल्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळ मोबाइलवरच्या होत्या. फोनवर जे फुकट वाचले, ते या मुलींनी पैसे मोजून पुन्हा विकत घेतले. गोष्ट कळावी म्हणून घेतले असे म्हणायला जागाच नाही. ती त्यांना तोंडपाठ होती. पुढे ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चा प्रवास तसाच झाला: आधी इंटरनेटवरची चाहत्यांची कथा, मग 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या संस्थेचे ई-बुक आणि 2012 मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापलेली, जगभर खपलेली पेपरबॅक.

2020 नंतर टिकटॉकवर पुस्तकांविषयी बोलणाऱ्या मुलींनी यात भर घातली. कॉलीन हूवरची ‘इट एन्ड्स विथ अस’ 2016 मध्ये आली होती. तिचा खप आकाशाला भिडला तो पाच वर्षांनी. कॅमेऱ्यासमोर धरायला पुस्तक लागते, फोनच्या पडद्यावरची फाइल चालत नाही, हे खरेच. पण यापेक्षा खोल गोष्ट घडली ती लाजेची. आई जे कव्हर घालून वाचत होती ते मुलगी रंगांप्रमाणे लावून फळीवर मांडते. लॉस एंजलिसजवळ कल्व्हर सिटीत बी आणि लिया कोच या बहिणींनी 2016 मध्ये केवळ प्रेमकादंबऱ्यांचे ‘द रिप्ड बॉडिस’ हे दुकान काढले, तेव्हा अशी दुकाने अमेरिकेत बोटावर मोजण्याइतकीही नव्हती. 2024 पर्यंत ती विसाच्या वर गेली.

वाचकांची ही वाटणी प्रकाशकांनी आणि लेखिकांनी करारातच लिहून टाकली आहे. 2012 मध्ये बेला आंद्रे या लेखिकेने हार्लेक्विनला आपल्या मालिकेचे फक्त छपाईचे हक्क विकले. ई-बुके स्वतःकडे ठेवली. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूम बुक्स’ने अशा सौद्यांवर मोठी मजल मारली. लूसी स्कोरसारख्या लेखिकेचे ई-बुक तिचे स्वतःचे आणि दुकानातली छापील प्रत ब्लूमची. ई-बुकामुळे छापील प्रत मार खाते हे खरे असते, तर असा करार करणारा प्रकाशक वेडा ठरला असता. इथे ई-बुकाचे वाचक हेच छापील प्रतीचे पहिले गिऱ्हाईक आहे. आधी पाचशे वाचायच्या आणि त्यांतल्या पाच घ्यायच्या, हा सरळ हिशेब आहे.

‘मग छापील पुस्तक शोभेची वस्तू झाले का?’ असा टोमणा यावर मारला जातो. त्यात तिरस्कार अधिक आणि विचार कमी आहे. ज्ञानेश्वरीच्या रेशमी बासनाला किंवा वडिलांनी घेतलेल्या कोशाच्या चामडी बांधणीला कुणी शोभेची वस्तू म्हणत नाही. जे आवडले ते जपून ठेवावेसे वाटणे ही वाचकाची जुनी सवय आहे. ती वीस वर्षांच्या मुलीने प्रेमकादंबरीबाबत दाखवली की तेवढी उथळ कशी होते? शिवाय ठेवण्यामागे एक रोकडे शहाणपणही आहे. 28 डिसेंबर 2016 रोजी ‘ऑल रोमान्स ई-बुक्स’ या नावाजलेल्या ई-दुकानाने जाहीर केले, की 31 डिसेंबरला आपण बंद होणार. वर्षानुवर्षे घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला वाचकांच्या हाती तीन-चार दिवस उरले. लेखिकांना थकलेल्या पैशांपैकी डॉलरमागे दहा सेंट देऊ केले गेले. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-बुक दुकान आवरले, तेव्हा पैसे परत मिळाले पण वाचकांच्या यादीतली पुस्तके गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोय काढून घेतली. कॅलिफोर्नियात आता कायदाच झाला आहे: डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून विकताना गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळतो आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

इथे ते तिसरे काम येते.

वाचलेले पुस्तक दुसऱ्याला देण्याचा किंवा विकण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत तो एका प्रेमकादंबरीवरून न्यायालयात भांडून पक्का झाला. हॅली अर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची ‘द कास्टअवे’ ही लॉर्ड बायरनच्या आयुष्यावरची कादंबरी 1904 मध्ये बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने काढली आणि आत छापले, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ती विकण्याचा परवाना कुणालाही नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती 89 सेंटला विकली. प्रकाशक न्यायालयात गेला. 1908 मध्ये, म्हणजे मिल्स अँड बूनचा जन्म झाला त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा प्रत विकली की तिचे पुढे काय व्हावे हे ठरवण्याचा प्रकाशकाचा अधिकार संपतो. जुन्या पुस्तकांची दुकाने, अदलाबदल आणि मैत्रिणीला दिलेली कादंबरी या निकालाच्या सावलीत वाढली.

ई-बुकाला ही सावली नाही. नेदरलँड्समध्ये ‘टॉम कॅबिनेट’ या संस्थेने वापरलेली ई-बुके विकायला काढली, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने ती हक्कधारकाच्या परवानगीविना विकता येणार नाहीत, असे ठरवले. ग्रंथालयांची तऱ्हाही तशीच. हार्पर कॉलिन्सने 2011 मध्ये अमेरिकी ग्रंथालयांना सांगितले, की आमचे ई-बुक 26 वेळा दिले गेले की परवाना संपला. पुढे हवे असेल तर पुन्हा विकत घ्या. याच हार्पर कॉलिन्सने 2014 मध्ये हार्लेक्विन घेतली. दोऱ्याने पुन्हा पुन्हा शिवलेली आपल्याकडची लायब्ररीची प्रत सव्वीस वाचकांनंतर कुठे जरा मऊ पडायला लागायची.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. दुसऱ्या हाताला गेलेल्या प्रतीतून लेखिकेला छदाम मिळत नाही. स्वस्त पेपरबॅकवर तिला छापील किमतीच्या सहा ते आठ टक्के मिळत. अ‍ॅमेझॉनवर स्वतः काढलेल्या ई-बुकावर ठरावीक किंमत-पट्ट्यात सत्तर टक्के मिळतात. आठ टक्क्यांवर नोकरी सोडता येत नाही, सत्तरवर काहींना सोडता आली. छपाईच्या जगाने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांना ई-बुकाने वाचक मिळवून दिले, हेही तितकेच खरे. ‘द रिप्ड बॉडिस’ने मोठ्या प्रकाशकांच्या याद्या तपासल्या, तेव्हा 2016 ते 2018 या तिन्ही वर्षांत गौरेतर लेखकांची पुस्तके शंभरात आठही भरत नव्हती. त्यामुळे जुने दिवस परत आणा, अशी हाक घालण्यात अर्थ नाही. ते दिवस सगळ्यांसाठी चांगले नव्हतेच.

तरीही हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय गेले ते पाहिलेच पाहिजे. अमेरिकेत खिशातल्या स्वस्त पेपरबॅकचा खप 2004 मध्ये 13 कोटी 10 लाख प्रती होता, 2024 मध्ये तो 2 कोटी 10 लाखांवर आला. सुपरमार्केटांना पुस्तके पुरवणाऱ्या ‘रीडरलिंक’ या सर्वांत मोठ्या वितरकाने 2025 च्या अखेरीपासून हा आकारच वितरित करायचे थांबवायचे ठरवले. ई-बुकाने मारले ते या पुस्तकाला. म्हणजे आता एका टोकाला महिन्याच्या वर्गणीवरचे, कधीही काढून घेता येणारे वाचन आहे आणि दुसऱ्या टोकाला नक्षीदार कडांची महाग प्रत. मधले पुस्तक गेले. फारसे पैसे न देता पूर्ण मालकीचे होणारे, बहिणीला देता येणारे, रद्दीवाल्याकडून दुसऱ्या गावी पोचणारे पुस्तक ते हेच. स्मिथटनच्या बायकांचे वाचन याच पुस्तकावर चालले होते. त्यांच्या नाती फळीवर पुस्तके लावतात त्या बहुधा कमावत्या आहेत. किराण्याच्या यादीत दोन कादंबऱ्या बसवणारीची कुणी गणती करत नाही.

भारतात चित्र थोडे वेगळे आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असे नाही. इथे स्वस्त छापील प्रेमकादंबरी जिवंत आहे ती पदपथावर. मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर कॉलीन हूवर दीडशे-दोनशे रुपयांत मिळते आणि त्यांतल्या बऱ्याच प्रती चोरून छापलेल्या असतात, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. किलोच्या भावाने पुस्तके विकणाऱ्या प्रदर्शनांत मिल्स अँड बूनचे ढीग दिसतात. मराठीत मात्र तेही नाही. अ‍ॅपवर लाखो वेळा वाचली गेलेली कादंबरी जोवर छापली जात नाही, तोवर गावच्या वाचनालयात येऊ शकत नाही. महाराष्ट्रात सरकारी अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत. तिथल्या नेहमीच्या वाचकांत बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या आज जे सर्वाधिक आवडीने वाचतात ते या ग्रंथालयांच्या फळ्यांवर नाही. अ‍ॅपवाल्या कंपनीने उद्या ती कादंबरी काढून टाकली, वर्गणीआड केली किंवा दुकानच आवरले, तर आजच्या मराठी बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या या साहित्याची एकही प्रत कुठे उरणार नाही. ते थोर आहे की नाही, हा वाद पुढच्या पिढीने करायचा म्हटला तरी तिच्या हाती वाचायला काही असायला हवे.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. अ‍ॅपवरच्या गाजलेल्या कादंबरीची साधी, बिनचकचकीत, शे-दीडशे रुपयांची आवृत्ती ग्रंथालयांसाठी काढता येईल. ग्रंथालयांना ई-बुक देताना सव्वीससारखी मर्यादा न घालता परवाना देता येईल. विकत घेतलेले ई-बुक एखाद्या यंत्राला किंवा दुकानाला जखडणारे डिजिटल कुलूप काढता येईल, म्हणजे दुकान बंद पडले तरी वाचकाचे पुस्तक तिच्याकडेच राहील आणि बहिणीच्या फोनवरही उघडेल. कुलूप काढले तर सगळे चोरी करतील आणि धंदा बुडेल, ही प्रकाशकांची ठरलेली भीती. विज्ञानकथा छापणाऱ्या ‘टॉर’ने 2012 मध्ये आपली ई-बुके कुलपाविना विकायला काढली आणि तिचा व्यवसाय चालू राहिला. त्याही आधी, 2010 मध्ये, हा प्रयोग प्रेमकादंबरीतच झाला होता. हार्लेक्विनने ‘कॅरिना प्रेस’ हा केवळ ई-बुकांचा विभाग काढला आणि त्याची पुस्तके पहिल्या दिवसापासून कुलपाविना विकली. हार्लेक्विन बुडाली नाही. चार वर्षांनी ती 45 कोटी 50 लाख कॅनेडियन डॉलरना विकली गेली.